तिसऱ्या दिवशीचा पाहुणा

गेल्या जुलैत जळगाव जामोदच्या एका मुलीचा फोन आला. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेला. संग्रामपूर तालुक्यातल्या ज्या लहानशा संस्थेत मी काम करते, तिथे ती फील्डवर्कला येणार होती. आधी वेळापत्रक विचारलं, मग राहायची सोय, मग जरा थांबून म्हणाली, "ताई, तुम्ही केनियाला होत्या ना? एमएसडब्ल्यू करता करता असं परदेशात व्हॉलंटिअर म्हणून जाता येतं का? म्हणजे दोन्ही एकदम?"

मी म्हटलं, "सवडीनं सांगते." सवड मिळाली, पण उत्तर दोन वाक्यांत मावेना. म्हणून हे लिहिते आहे.

आधी तिच्या प्रश्नाचा सरळ भाग. दोन्ही एकदम करायची सोय अमेरिकेत खरोखर होती. तिथल्या पीस कोअर या सरकारी संस्थेने १९८७ पासून २०१६ पर्यंत 'मास्टर्स इंटरनॅशनल' नावाची योजना चालवली. विद्यार्थ्याने विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा काही भाग करायचा, मग सव्वादोन वर्षं एखाद्या गरीब देशात जाऊन राहायचं आणि तिथलं काम हेच त्याचं फील्डवर्क किंवा प्रबंध म्हणून धरलं जायचं. परत आल्यावर उरलेला अभ्यास पुरा केला की पदवी. समाजकार्याची काही विद्यापीठंही त्यात होती. पण पीस कोअरमध्ये जायला अमेरिकन नागरिक असावं लागतं. म्हणजे आमच्या संग्रामपूरकडून त्या योजनेला एकच वाट होती, ती म्हणजे त्यांच्यापैकी कुणीतरी आमच्याकडे येण्याची. तीही १९७६ साली बंद झाली. पीस कोअर त्या वर्षी भारतातून गेलं.

आपल्याकडे एमएसडब्ल्यूचं गणित वेगळं आहे. दोन वर्षं, चार सत्रं. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, बाकीचे दिवस वर्ग. दर आठवड्याला फील्डवर्कचा अहवाल लिहायचा आणि तो घेऊन शिक्षकांसमोर बसायचं. वर्षातून एक ग्रामीण शिबिर. शेवटी महिनाभराचं ब्लॉक प्लेसमेंट. मी नागपूरला शिकत असताना हे महिनाभराचं प्लेसमेंट बाहेरदेशी करता येईल का म्हणून विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं, "तुमच्यावर देखरेख कोण करणार?" तेव्हा मला राग आला होता. आता मी स्वतः विद्यार्थ्यांवर देखरेख करते, आणि तो प्रश्न योग्य होता असं मला वाटतं.

परदेशी जायच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. काळीभोर, खोल जमीन आणि तिच्याखाली खारं पाणी. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं तर जमीन चिबड होते आणि माणसाने प्यायलं तर तहान भागत नाही. त्यामुळे शेती पावसावर. कापूस, तूर, मूग आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा.

२००६च्या सप्टेंबरात आमच्या काकाने फवारणीचं औषध घेतलं. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. त्या सहांत बुलढाणा होता. पॅकेजच्या मागोमाग माणसं आली. वर्तमानपत्रवाले, टीव्हीवाले, संस्थांचे लोक आणि फॉर्म घेऊन आलेले विद्यार्थी. काकू प्रत्येकाला चहा द्यायची. किती एकर, कर्ज किती, सावकाराचं किती, बँकेचं किती, मुलं किती, घटनेच्या दिवशी काय झालं. सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच.

२००९ साली मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रबंधाचा विषय ठरला शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रिया. मी फॉर्म घेऊन गावी आले आणि पहिली मुलाखत घ्यायला काकूकडेच गेले. घरचीच म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं.

काकू ओटा बांधून शेतात निघाली होती. फॉर्मकडे पाहून म्हणाली, "हा दहावा. मी नऊ फॉर्म भरले बाई, फॉर्मानं माह्यं काईच भरलं नाही." मग दुसरा ओटा माझ्याकडे टाकला. "चाल, कापूस वेच. मंग सांगतो."

त्या दिवशी तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोंडांच्या काट्यांनी माझी बोटं सोलून निघाली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावर भाकरी खाताना ती आपणहून बोलायला लागली. नऊ जणांना सांगितलं नव्हतं ते तिने मला सांगितलं. ते मी प्रबंधात लिहिलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. बीस्टेक नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने १९५७ साली केसवर्कच्या नात्याची सात तत्त्वं सांगितली. त्यातलं एक गोपनीयतेचं आहे. परीक्षेत मी ती सातही ओळीने लिहिली होती, पण हे एक तत्त्व मला त्या बांधावर कळलं.

मग पाच वर्षं मी पाणी आणि बचत गटांचं काम केलं. २०१५ साली एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेतर्फे केनियाला जायची संधी आली. एक वर्षाचा करार. विमानाचं तिकीट, विमा, राहायला खोली आणि महिन्याचा खर्च भागेल इतका भत्ता. पगार नाही. अशा संस्थांना नुसती पदवी पुरत नाही, हातात अनुभवाचं कामही लागतं. माझ्या पाच वर्षांच्या कामावर माझी निवड झाली होती.

घरात सगळ्यांनी एकच विचारलं, "काऊन?" भावाचं म्हणणं, "आपल्याच गावात पाणी नाही आणि ही आफ्रिकेला पाणी पाजायला चालली." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा माळकरी माणूस, दर एकादशीला शेगावला जाणारे. ते ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "जाय पोरी. कोणी आपल्याकडे येते, कोणी इकून तिकडे जाते. जगरहाटीच हाये."

बाबांना माहीत नसेल, पण ते इतिहासाला धरूनच बोलले होते. मी ज्या समाजकार्याची पदवी घेतली, ते शिक्षण या देशात एका बाहेरच्या माणसानेच सुरू केलं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. १९३६ साली टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा निघाली, तीच आजची टिस, आणि तिचे पहिले संचालक मॅनशार्ट. पुढे १९६६ साली पीस कोअरमधून एक अडुसष्ट वर्षांची नर्स विक्रोळीला आली आणि गोदरेजच्या वसाहतीत दवाखान्याचं आणि कुटुंबनियोजनाचं काम करून दोन वर्षांनी परत गेली. तिचं नाव लिलियन कार्टर. तिचा मुलगा जिमी नंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आणि इथून तिकडे? १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. त्यातले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सर्वांना माहीत आहेत. आमच्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कोटणीस तेव्हा पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. ते अर्ध्यावर टाकून ते गेले. बाकीचे चौघे परतले. कोटणीस राहिले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले. पदवी आणि परदेशातली सेवा यांची सांगड आपल्याकडे इतकी जुनी आहे. फक्त तिला कुणी क्रेडिट दिलं नाही.

एप्रिलमध्ये मी नाकुरूला पोचले. शहराला लागून तळं आहे आणि ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घरची आठवण आली. शाळेच्या सहलीत लोणारचं सरोवर पाहिलं होतं. तोच काठावरचा पांढुरका थर, तोच जरासा कुजकट वास. लोणारचा खड्डा उल्केने बेसॉल्टमध्ये केलेला, नाकुरूचं तळं जमीन दुभंगून झालेल्या खचदरीतलं. जन्मकथा वेगवेगळ्या, पण पाणी दोन्हीकडे अल्कधर्मी, प्यायला निरुपयोगी. फ्लेमिंगोंना मात्र चालतं.

माझं काम जवळच्या खेड्यांत होतं. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित धरलेली मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची. तिथल्या कित्येक बोअरमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. मुलं हसली की दातांवर तपकिरी पट्टे दिसत. काही म्हाताऱ्यांचे पाय वाकलेले. आमच्याकडचं मीठ निदान जिभेला कळतं. फ्लोराइडला चव नसते. पाणी गोड लागतं आणि हाडांत उतरतं.

फ्लोराइड काढायला तिथे जनावरांची हाडं भाजून केलेला कोळसा वापरतात. बादलीसारख्या फिल्टरमध्ये तो भरायचा आणि त्यातून पाणी गाळायचं. घरी फोनवर हे सांगताना मी आधी नुसतं "कोळसा" म्हटलं. बाबांनी विचारलं, "कायचा?" खोटं बोलवेना. "हाडांचा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "लेकरायचे दात राह्यतात ना? मंग इठ्ठलाले चालते."

माझी नेमणूक होती 'लोकसहभागा'साठी. मी शिकले होते तसंच सुरू केलं. शिवारफेरी, मग बायकांना जमवून जमिनीवर गावाचा नकाशा. आमच्याकडे रांगोळीने काढतात, तिथे राखेने काढला. घरं, बोअर, शाळा, चर्च. बायका हसत, खेळीमेळीने काढत होत्या. नकाशा झाल्यावर एक म्हातारी उभी राहिली. माझ्याबरोबरच्या मुलीने तिचं बोलणं मला इंग्रजीत सांगितलं: "हा आमचा चौथा नकाशा आहे. आधीचे तीन कुठे गेले, तुला माहीत आहे का?"

मला काकूचा चेहरा दिसला. ज्या माणसांचा मला लहानपणापासून राग होता, त्यांच्यातलीच एक मी झाले होते. फॉर्मऐवजी माझ्या हातात राख होती, एवढाच फरक. मी खरं ते सांगितलं की मला माहीत नाही. म्हातारी हसली आणि तिने एक म्हण सांगितली. "म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे." पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याला कुदळ द्या.

आपल्याकडेही तीन दिवसांच्या पाहुण्याची म्हण आहे. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आपली म्हण तिसऱ्या दिवशी पाहुण्याला वाटेला लावते. त्यांची म्हण त्याला शेतात नेते. आणि काकूने म्हण न सांगता मला नेमकं तेच केलं होतं.

मे महिन्यात मका गुडघ्याएवढा झाला होता. स्वाहिलीत मक्याला 'माहिंदी' म्हणतात आणि हिंदी माणसाला 'म्हिंदी'. मी त्यांच्या मक्यात उतरले की यावरून रोज एक विनोद ठरलेला. आठवड्यातल्या दोन सकाळी मी निंदायला जाऊ लागले. तिथली जेंबे आपल्या खुरप्यापेक्षा लांब दांड्याची, उभ्याने चालवायची. पाठीला आधी कळली, मग हाताला. माझ्या कामाच्या अहवालात या सकाळींना रकाना नव्हता. मी त्या 'सामुदायिक संपर्क' या नावाखाली टाकत होते.

निंदताना कळलं की फिल्टर का पडून राहतात. आम्ही समजत होतो की लोकांना फ्लोराइडचं गांभीर्य पटलेलं नाही, म्हणून जागृती हवी. बायकांना ते केव्हाच पटलं होतं, पोरांचे दात रोज समोर होते. अडचण अशी होती की हाडांचा कोळसा काही महिन्यांनी निकामी होतो आणि बदलावा लागतो. त्याला पैसे लागतात. आणि कोळसा निकामी झाला हे पाण्याकडे पाहून कळत नाही. त्यामुळे ज्यांनी फिल्टर वापरले त्यांनाही भरवसा उरला नव्हता. भरवसा नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून कोळसा नाही.

त्यांच्याकडे 'चामा' असतो. आपली भिशी आणि बचत गट यांच्या मधला प्रकार. दर आठवड्याला ठरलेली रक्कम जमा करायची आणि ती पाळीपाळीने एकेकीला द्यायची. बचत गटाचं रजिस्टर मला तोंडपाठ होतं. आम्ही चामाच्या वहीत एक रकाना वाढवला: कुणाच्या घरी कोळसा कधी भरला, पाणी कधी तपासलं, पुढची तारीख कोणती. प्रत्येक पाळीतून थोडे पैसे कोळशासाठी बाजूला. रकाना मी आखला, रक्कम त्यांनी ठरवली. अठरा घरांनी सुरुवात केली. एका वर्षाच्या माझ्या कामातलं हातात धरून दाखवता येईल असं एवढंच.

डिसेंबरात भावाचा फोन आला. बाबांचं क्रिएटिनिन वाढलं होतं आणि ते वर्षभर वाढतच होतं. मी निघायच्या आधीचा रिपोर्ट बाबांनी पिशवीत, पोथीखाली ठेवला होता. पाय सुजायचे ते धोतरात दिसत नसत. मी वैद्यकीय समाजकार्याचा पेपर दिलेली. इस्पितळात रुग्णाच्या घरच्यांशी कसं बोलावं हे शिकलेली. बापाचे पाय मी पाहिले नव्हते.

आमच्या पट्ट्यात किडनीचे रुग्ण खूप. लोक खाऱ्या पाण्याला दोष देतात. एकेका माणसाबद्दल डॉक्टर तसं छातीठोकपणे सांगत नाहीत, कारण रक्तदाब, साखर, दुखीच्या गोळ्या असं बरंच काही असतं. पण मी दुसऱ्यांच्या पाण्याचं रजिस्टर आखत होते तेव्हा माझा बाप ज्या पाण्यावर जगला त्याची नोंद कुणीच ठेवलेली नव्हती, मीही नाही.

बाबा फोनवर म्हणाले, "येऊ नको. अर्ध्यात कुदळ टाकून येते का कोणी?" म्हण त्यांना मीच सांगितली होती. मी आणखी चार महिने राहिले आणि करार पुरा करून एप्रिलमध्ये आले. त्या चार महिन्यांत वहीचं काम चामातल्या दोघींच्या हाती नीट गेलं. तसं ते डिसेंबरात गेलं नसतं. त्याच चार महिन्यांत बाबांचं डायलिसिस सुरू झालं आणि आठवड्यातून दोनदा भाऊ एकटा त्यांना अकोल्याला नेत होता. हे दोन्ही खरं आहे. यातलं एक दुसऱ्याला पुसत नाही. बाबा २०१८ साली गेले. त्याआधीची दोन वर्षं अकोल्याच्या वाऱ्या मी केल्या. गाडीत ते मला स्वाहिली आकडे विचारायचे आणि मोजत बसायचे. मोजा, म्बिली, तातू.

भाऊ अजून कधीतरी बोलून दाखवतो. मी गप्प बसते. बीस्टेकच्या तत्त्वांमध्ये 'नियंत्रित भावनिक सहभाग' असंही एक आहे. दुसऱ्याच्या घरात ते जमतं. आपल्या घरात कुणाला जमलं असेल तर त्याने मला शिकवावं.

नाकुरूहून मध्यंतरी एक फोटो आला होता. वहीचा. अठरातली अकरा घरं तेव्हा कोळसा बदलत होती. सातांनी सोडलं होतं. त्यांनी सातांची नावं खोडली नव्हती, नुसती तारखेची जागा कोरी ठेवली होती. ते मला आवडलं. आता आमच्याकडेही वान धरणावरच्या १४० गाव योजनेचं पाणी आलं आहे. पण नळ रोज येत नाही आणि नळ नसतो त्या दिवशी विहीर असतेच. आमच्या बचत गटांच्या रजिस्टरमध्ये मी एक रकाना वाढवला आहे: कुठलं पाणी, किती दिवस. त्याच्या शेजारी एक प्रश्न: घरात कुणाचे पाय सुजतात का. ही कल्पना केनियातून आली की माझ्या घरातून, मला सांगता येणार नाही.

तर त्या मुलीला उत्तर. दोन्ही एकदम करायची सोय आपल्या अभ्यासक्रमात नाही. आधी पदवी घे. मग तीन-चार वर्षं इथे काम कर, कारण बाहेर तुझी पदवी कुणी वापरणार नाही, तुझं काम वापरतील. तुला बचत गटाचं रजिस्टर नीट आखता आलं पाहिजे. मग जा, जरूर जा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे, इतरही संस्था आहेत. करार वर्षाहून कमी मुदतीचा असेल तर मी म्हणेन नको, कारण पहिले दोन-तीन महिने तू पाहुणीच असतेस आणि तुझा खर्च ते लोक सोसत असतात. तुझ्यावर तिथे देखरेख कोण करणार ते आधी विचार. आणि निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पोथीखालचेही.

ती ऑगस्टपासून फील्डवर्कला येते आहे. पहिल्या दिवशी प्रश्नावली घेऊन आली होती. मी तिला काकूकडे पाठवलं. संध्याकाळी परतली तेव्हा प्रश्नावली कोरी होती आणि हातांना सोयाबीनच्या निंदणाची माती. म्हणाली, "ताई, काकू काहीच बोलल्या नाहीत."

मी म्हटलं, "उद्या परत जा. आणि परवा."